नव्वदावा दिवस

कार्यकर्ती : वकीलसाहेब, मुदतीच्या कलमांवर माझा राग आहे, तो आधीच सांगून टाकते. समजा, कौंडण्यपूरचा एक माणूस धामणगावकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये दहा हंगाम राबलाय. दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागतो, रेचे सुरू होतात; उन्हाळा चढला की फाटक थंडावतं. मुकादम म्हणतो, "आता पुढच्या हंगामाले येजो." त्याच्याकडे नेमणुकीचा कागद नाही, कमी केल्याचा तर नाहीच. पुढच्या दिवाळीला तो जातो तेव्हा फाटकावर ऐकायला मिळतं, "थांब दोन-चार दिवस, सायेब आले का पाहू." दोन-चार दिवसांचे चार महिने होतात. मग कुणीतरी त्याला माझ्याकडे पाठवतं, मी त्याला तुमच्यासारख्यांकडे आणते, आणि तुमचा पहिला प्रश्न असतो : कामावरून काढलं कोणत्या तारखेला? तो माझ्या तोंडाकडे पाहतो. त्याला कुणी काढलेलंच नाही, फक्त परत घेतलेलं नाही. ज्या दिवसापासून मोजायचं तो दिवस त्याच्या आयुष्यात आलाच नाही, आणि तरी त्याची मुदत संपलेली असते. याला न्याय कसं म्हणायचं?

वकील : ताई, तो प्रश्न मी विचारतो आणि पुढेही विचारणार. तारीख नसेल तर माझ्या हातात तक्रार राहत नाही, गाऱ्हाणं राहतं. आणि गाऱ्हाण्यावर न्यायालयाला हुकूम देता येत नाही. आपल्या राज्याचा 1971 चा कायदा घ्या. नाव लांबलचक आहे, कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध. कोर्टात सगळे त्याला यूएलपी म्हणतात. 8 सप्टेंबर 1975 पासून तो लागू आहे. त्याचं 28वं कलम म्हणतं, अनुचित प्रथा घडल्यापासून 90 दिवसांत तक्रार करा. पण तेच कलम पुढे म्हणतं की उशिराचं सबळ आणि पुरेसं कारण दाखवलं तर 90 दिवसांनंतरही तक्रार घेता येईल. म्हणजे तिथे भिंत बांधलेली नाही, उंबरा आहे. 1987 साली अनंतनागच्या भूसंपादनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उशिराच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब मागायचा म्हणजे अक्कल गहाण ठेवून मागायचा नाही. मग उंबरा तरी कशाला, असं तुम्ही विचाराल. पुराव्यासाठी. वेतन प्रदान कायद्याच्या 13-अ कलमानं मालकावर रजिस्टरं सांभाळायचं बंधन होतं, पण ते शेवटच्या नोंदीपासून 3 वर्षं. त्यानंतर त्यानं हजेरीपट रद्दीत घातला तरी त्याला दोष देता येत नाही. आणि 2002 साली वन विभागाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की वर्षात 240 दिवस काम भरल्याचं कामगारानं सिद्ध करायचं, त्याचं नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. आता जोडून पाहा. सिद्ध करायचं कामगारानं, कागद मालकाच्या कपाटात, आणि कपाट 3 वर्षांनी रिकामं. उशिरानं पहिलं नुकसान कुणाचं होतं? मालकाचं होत नाही.

कार्यकर्ती : हे मला पटतं. पण मुदतीचा इतिहास तुम्ही पाहिलात तर तो आपल्या वऱ्हाडात एकाच दिशेनं सरकलाय. आपण मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतो तेव्हा 1947 साली औद्योगिक विवाद मिटवण्याचा एक स्वतंत्र प्रांतिक कायदा झाला. त्याच्या 16व्या कलमाखाली बडतर्फ झालेल्या माणसाला कामगार आयुक्ताकडे जायला 6 महिने होते. अकोल्याच्या सावतराम मिलच्या किंवा बडनेऱ्याच्या विजय मिलच्या कामगाराला, म्हणजे ज्याच्या हातात तिकीट होतं, नंबर होता, ज्याच्या खात्यात युनियन होती, त्याला 6 महिने. पुढे राज्य बदललं, कायदे बदलले, आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्या जिनिंगच्या माणसाला 90 दिवस. मुदत कमी झाली ती सर्वात दुबळ्यासाठी.

आणि दुसरी गोष्ट. त्याच 28व्या कलमात न्यायालयासाठीही मुदत आहे ना? तक्रार मिळाल्यापासून शक्यतो 6 महिन्यांत निर्णय. तो 'शक्यतो' हा शब्द बघा. केंद्राच्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात एकट्या कामगाराच्या वादासाठी 3 महिन्यांची मुदत लिहिली होती, आणि त्याच्याच खाली लिहिलं होतं की मुदत उलटली म्हणून कामकाज रद्द होणार नाही. न्यायालयाची मुदत संपली तर खटला जगतो. कामगाराची मुदत संपली तर खटला मरतो. माझी तक्रार मुदतीविरुद्ध कमी आणि या एकतर्फीपणाविरुद्ध जास्त आहे. 90 दिवस त्याचे मोजायचे आणि नंतरची 9 वर्षं कुणीच मोजायची नाहीत?

वकील : एकतर्फीपणा आहे. मी तो नाकारत नाही. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर नाकारणं मला शोभणार नाही. पण मुदतच नसती तर काय झालं असतं ते कल्पनेनं सांगायची गरज नाही, ते घडून गेलंय. औद्योगिक विवाद कायद्याच्या 10व्या कलमात शब्द होते 'कोणत्याही वेळी'. सरकारनं वाद कोणत्याही वेळी न्यायालयाकडे पाठवावा. मुदत नाहीच. कामगारांचं भलं झालं का? 1999 साली सरहिंदच्या सहकारी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, मुदतीचा कायदा इथे लागत नाही, 7 वर्षं उशीर झाला तरी दाद मिळेल, फार तर मागच्या पगारात कपात करा. पुढच्याच वर्षी नेदुंगडी बँकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं, 7 वर्षांनी हा वाद शिळा झाला, तो पाठवायलाच नको होता. पुन्हा वर्षभरानं उत्तर प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात 15 वर्षांनंतरचा वाद चालला, कारण तो मधल्या काळात जिवंत होता असं दिसलं. 2015 मध्ये कर्नाटकच्या रेशीम खात्यातल्या माणसाला 14 वर्षांच्या उशिरापायी परत पाठवलं. 7 वर्षं चालतात आणि चालत नाहीत. 15 चालतात, 14 चालत नाहीत. प्रत्येक निकालामागे कारण आहे, मी ते शिकवू शकतो. पण ज्याला घरी बसून ठरवायचंय की आपण जावं की नाही, त्याला त्या कारणांचा काय उपयोग? त्याला आकडा हवा. आकडा स्पष्ट असला की गरीब माणूसही तो पाठ करू शकतो. 2010 साली सप्टेंबरात दुरुस्ती आली : कामावरून काढल्यापासून 3 वर्षांत थेट कामगार न्यायालयात जा, समेट अधिकाऱ्याकडे अर्ज देऊन 45 दिवस झाले की सरकारच्या संदर्भाची वाट पाहू नका. तोवर माणसं मंत्रालयाच्या पत्राची वाट पाहत म्हातारी होत. ती दुरुस्ती मी फार मोठी मानतो. तिनं मुदत आणली आणि त्याच हातानं दार उघडलं.

रुक्मिणीची पालखी कौंडण्यपूरहून 1594 पासून पंढरीला जाते असं आपण सांगतो. एवढी लांबची वाट, म्हणून ती लवकर निघते. आषाढीची तिथी वाटेतल्या चिखलासाठी पुढे ढकलत नाहीत. तिथी पक्की आहे म्हणूनच वारकऱ्याला कधी निघायचं ते कळतं.

कार्यकर्ती : आषाढी चुकली तर कार्तिकी असते, वकीलसाहेब. पांडुरंगाच्या दारात दुसरी वारी आहे. तुमच्याकडे नाही.

वकील : आहे, विलंब माफीचा अर्ज.

कार्यकर्ती : त्याला दुसरी वारी म्हणता येत नाही. तो अर्ज द्यायचा तर आधी आपला गुन्हा कबूल करायचा. मग मालकाचा वकील त्याच अर्जावर वर्ष-दीड वर्ष काढणार, आणि मूळ प्रश्नाला हातही लागणार नाही. माणूस आजारी होता, कागद दाखव. बाहेरगावी होता, तिकीट दाखव. त्याच देशात 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सगळा काळ सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यांसाठी मुदतीतून वगळला. चांगलंच केलं. साथीत कुणी न्यायालयात पोचू शकत नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. पण ज्याच्या घरी स्वतःपुरती साथ आलीय, बायको दवाखान्यात आहे, ऐन पेरणीला उधारी अंगावर आलीय, त्याचं घड्याळ थांबत नाही. सगळे अडकले की कारण आपोआप पुरेसं ठरतं. एकटा अडकला की त्यानं पुरावा आणायचा.

आणि दारं तरी किती! कामावरून काढलं, तर यूएलपीची तक्रार कामगार न्यायालयात. वर्षानुवर्षं हंगामी ठेवून कायमपणा नाकारला, तर औद्योगिक न्यायालयात. तोच माणूस धामणगावऐवजी नदीपलीकडे आर्वीला कामाला असता तर जिल्हा बदलला, अमरावतीऐवजी वर्ध्याला जायचं. ठेकेदारामार्फत लागला असेल तर आणखी मोठा फास. 2001 मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मालक जर म्हणाला की हा माझा कामगारच नाही, तर ते आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली ठरवून घ्या, तोवर यूएलपीची तक्रार चालणार नाही. म्हणजे आम्ही 90 दिवसांच्या आत धावत पोचायचं, मालकानं जबाबात एक ओळ लिहायची, आणि काही वर्षांनी कळायचं की दार चुकलं. यूएलपीत शिरलेल्याला दुसऱ्या कायद्याखाली तोच प्रश्न नेता येत नाही असं 59वं कलम आहेच. घाई करा म्हणणारा कायदा कुठे जायचं ते सांगत नाही.

वकील : चुकीच्या दारात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ वगळावा हे तत्त्व मुदतीच्या कायद्याच्या 14व्या कलमात आहे आणि कामगार न्यायालयं त्याचा आधार देतात. पण तुमची अडचण मी लहान करत नाही. उलट तिच्यामुळेच मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. मुदत आणि दुरुस्ती या जोडीनं वाचायच्या गोष्टी आहेत. मुदतीकडे एकटीकडे पाहिलं तर ती क्रूर दिसणारच. कायदा दाराशी कडक आहे, कारण आत तो सैल आहे. 1909 साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर यांनी दुरुस्तीचं तत्त्व मांडलं : पक्षकारांमधला खरा वाद मिटवायला जी दुरुस्ती लागते ती होऊ द्यावी, फक्त समोरच्यावर असा अन्याय होऊ नये जो खर्च देऊन भरून निघणार नाही. 1957 साली सर्वोच्च न्यायालयानं हेच तत्त्व उचलून धरलं, आणि आज शंभरावर वर्षांनीही आमच्या दुरुस्ती अर्जाला त्याचाच आधार असतो. दुरुस्ती मंजूर झाली की साधारणपणे ती मूळ अर्जाच्या तारखेपासूनच होती असं धरतात. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो : अपुरा चालेल, उशिरा नको. कोण, कुठे, कोणतं काम, कधीपासून, कधी आणि कसं थांबवलं, काय हवं. एवढं एका पानावर लिहून वेळेत द्या. राहिलेलं आत जाऊन भरता येतं.

1995 चं हिंदुस्थान लिव्हरचं प्रकरण पाहा. आरोपपत्र दिलंय, चौकशी चालू आहे, बडतर्फीचा हुकूम अजून निघायचाय. अशा वेळी कामगारानं यूएलपीची तक्रार केली तर ती अकाली ठरते का? सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही, बडतर्फी होऊ घातली असतानाही येता येतं. आता अशी तक्रार चालू असताना जर हुकूम निघालाच, तर काय करायचं? तक्रारीत दुरुस्ती करून हुकमाला आव्हान द्यायचं. इथे माणसं झोपतात, ताई. 'केस तर चालूच आहे' म्हणून स्वस्थ बसतात, हुकूम बॅगेत राहतो, आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत कळतं की बडतर्फीला कुणी आव्हानच दिलेलं नाही. घटना बदलली की अर्ज बदलायचा, तोही लगेच.

रुक्मिणीनं कौंडण्यपूरहून पाठवलेल्या पत्राकडे मी वकिलाच्या नजरेनं पाहतो. विवाह ठरलाय, दिवस जवळ आहे, आदल्या दिवशी अंबिकेच्या दर्शनाला मी गावाबाहेर येईन, तिथून मला ने. मागणी, कारण, वेळ, जागा, सगळं त्यात आहे. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे ते वेळेत पोचलं.

कार्यकर्ती : तुम्हीच उदाहरण दिलंत तर त्याच्या आत जाऊ. ते पत्र वेळेत पोचलं कारण ते नेणारा भरवशाचा माणूस होता. आणि त्या पत्राला दुरुस्तीची गरज पडली नाही, कारण लिहिणारीला आपल्याला काय हवंय हे नेमकं ठाऊक होतं. राजाची मुलगी होती, शिकलेली होती. आमच्या माणसाचा अर्ज कोण लिहितो? कुठल्यातरी जुन्या अर्जाची नक्कल काढून, नाव-गाव बदलून तयार केलेला मसुदा असतो तो. त्यात शेजारच्या कारखान्याच्या कामगाराची तारीख तशीच राहून गेलेली मी पाहिली आहे.

एका वाक्याची किंमत सांगते. 2013 साली क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षिकेला पूर्ण मागील पगार दिला. बेकायदा काढलं असेल तर मागील पगार हाच सामान्य नियम, असं ठासून सांगितलं. आम्ही पेढे वाटले. पण त्याच निकालात आहे की कामगारानं निदान एवढं म्हटलं पाहिजे की मधल्या काळात मला दुसरं लाभाचं काम नव्हतं, किंवा कमी पगाराचं होतं. मग ते नाकारायची जबाबदारी मालकावर जाते. हे एक वाक्य किती अर्जांत नसतं! दहा वर्षांचा पगार एका वाक्यावर टांगलेला. दुरुस्ती करू म्हणाल, तर 2002 साली दिवाणी संहितेत अट घातली गेली की सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती नको, आधी काळजी घेऊनही सांगता आलं नसतं हे पटवल्याशिवाय. कामगार न्यायालय त्या संहितेनं पुरतं बांधलेलं नाही हे मला माहीत आहे, पण समोरचा वकील तीच अट वाचून दाखवतो आणि न्यायाधीशही तीच मनात धरतात. मग आत सैल आहे ते कुणासाठी? ज्याचा वकील जागा आहे त्याच्यासाठी.

पक्षकाराचंही तसंच. मालकाचं नाव चुकलं, ठेकेदाराला धरलं आणि मूळ कंपनीला सोडलं; नंतर तिला जोडायला गेलो तर मुदतीच्या कायद्याचं 21वं कलम पुढे करतात. नव्या पक्षकाराविरुद्धचा दावा त्याला जोडल्या दिवशी सुरू झाला असं धरायचं, प्रामाणिक चूक होती असं न्यायालयाला वाटलं तरच मागची तारीख. मजकूर दुरुस्त केला तर मागे जातो, माणूस जोडला तर जात नाही. फाटकावर उभं राहणाऱ्याला खरा मालक कोण हे कधी कुणी सांगितलेलं असतं का?

वकील : नसतं. तिथे 'प्रामाणिक चूक' हे शब्द आमच्या मदतीला आहेत आणि आम्ही ते पुरेसे वापरत नाही, हा दोष वकिलांचा. मागील पगाराच्या वाक्याबद्दल बोलायचं तर ते साक्षीतही सांगता येतं. निकालानं तेवढी जागा ठेवली आहे. पण दुरुस्तीला मी एक मर्यादा मानतो आणि ती मालकाच्या सोयीची म्हणून मानत नाही. पहिल्या अर्जात माणूस म्हणतो, मला दसऱ्याला काढलं. दुरुस्तीत म्हणतो, होळीला काढलं. पहिल्यात म्हणतो, ठेकेदार माझा मालक. दुसऱ्यात म्हणतो, मी ठेकेदाराला ओळखतच नाही. मी त्याच्या बाजूनं उभा असलो तरी उलटतपासणीत त्याला विचारलं जाणार : हे आधी का नाही सांगितलंस? त्या क्षणी खरं बोलणारा माणूसही खोटा दिसतो. दुरुस्ती अर्जाला वाचवते, पण साक्षीला जखम करते. म्हणून भर घाला, तपशील घाला, नवी घटना घाला. गोष्टच बदलू नका.

(हे दोघं ज्यावर अडलेत तिथे माझंही मन अडतं, म्हणून मध्येच दोन ओळी. मुदत असावी याबद्दल मला शंका नाही. पण 'उशीर' या शब्दात माणूस निवांत बसला होता असं गृहीत असतं, आणि फाटकावर रोज जाऊन उभा राहणारा माणूस निवांत बसलेला नसतो. तो विनवणी करत असतो, आणि विनवणीचे दिवसही त्याच्याच मुदतीतून वजा होतात. हे मला कुठल्याच युक्तिवादानं योग्य वाटत नाही.)

कार्यकर्ती : मग माझा मुद्दा मी धारदार करते. मुदत किती, हा माझा प्रश्न आता उरला नाही. घड्याळ सुरू कोण करतं, हा प्रश्न आहे. खासगी शाळेतल्या शिक्षकाला 1977 च्या कायद्याच्या 9व्या कलमानं शाळा न्यायाधिकरणाकडे जायला फक्त 30 दिवस आहेत. फार थोडे. पण ते हुकूम हातात पडल्यापासून मोजतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत समेट फसल्यावर न्यायाधिकरणाकडे जायला 90 दिवस आहेत, तेही समेटाचा अहवाल मिळाल्यापासून. म्हणजे कागद आला की घड्याळ सुरू. हे मला मान्य आहे. पण ज्याला कागदच देत नाहीत, त्याचं घड्याळ मात्र कुणाच्याही नकळत सुरू होतं. आतमध्ये असताना कायदा केवढा उदार! वर्षानुवर्षं हंगामी ठेवणं ही अपप्रथा रोज चालूच असते, म्हणून तिची मुदत संपत नाही असं न्यायालयांनी मानलंय. 2009 साली एसटीच्या सफाई कामगारांना कायमपणा मिळाला तो त्याच बाबीखाली. पण आत असताना तक्रार करायची हिंमत कुणाला होते? बाहेर टाकल्यावर हिंमत येते, आणि नेमकी तेव्हाच मुदत धावायला लागते. मी म्हणते, लेखी हुकूम नाही तर मुदतही नाही. ज्यानं कागद दिला नाही त्याला उशिराचं नाव काढायचा हक्क नसावा.

वकील : फार सुंदर नियम आहे, आणि मला तो घ्यावासा वाटतो. त्यानं एक गोष्ट नक्की होईल : मालक कागद द्यायला लागतील. त्यात वाईट काही नाही. कागद मिळणं हेच अर्धं संरक्षण आहे. पण कागद दिलाच नाही, आणि माणूस 18 वर्षांनी आला तर? कारखाना विकला गेलाय, मुकादम वारला, हजेरीपट नाही. तुमच्या नियमानं तो मुदतीत आहे. त्याला मी आत घेतो आणि आत तो हरतो, कारण सिद्ध करायला काहीच उरलेलं नाही. हरण्यासाठी आत घेतलं तर काय मिळवलं? कुठेतरी बाहेरची हद्द हवीच. नव्या संहितेनं ती घातली आहे : वाद उभा राहिल्यापासून 2 वर्षांनंतर समेट अधिकाऱ्याला कामकाज घेता येत नाही. आधी 3 वर्षं होती, ती 2 झाली, आणि ते मला पटलेलं नाही. उलट वेतन संहितेत पगाराच्या दाव्याला 3 वर्षं मिळाली. किमान वेतनाच्या जुन्या कायद्यात ते 6 महिने होते आणि वेतन प्रदान कायद्यात 12. म्हणजे पगार मागायला वेळ वाढला, नोकरी मागायला कमी झाला. हा क्रम उलटा हवा होता असं मी म्हणेन. पगार बुडालेला माणूस कामावर असतो, नोकरी गेलेला उघड्यावर असतो.

कार्यकर्ती : मग बाहेरची हद्द 3 वर्षांची ठेवा, आणि तिच्या आत कागद न देणाऱ्याला उशिराची हरकत घेऊ देऊ नका.

वकील : याच्या जवळ मी येऊ शकतो. पूर्ण येत नाही, कारण 'कागद दिला नाही' आणि 'कागद घेतला नाही' यातला फरक सिद्ध करायला पुन्हा पुरावाच लागेल. पण आधी तुमच्या जिनिंगच्या माणसाचं पाहू. तो फाटकावर पहिल्यांदा गेला तो दिवाळीनंतर, आणि शेवटचं 'पाहू' ऐकलं त्याला किती झाले?

कार्यकर्ती : पहिल्यांदा गेला त्याला 120 दिवस झाले असं धरा. शेवटचं 'पाहू' 20 दिवसांपूर्वीचं. मी म्हणेन 20 दिवसांपूर्वीची तारीख लिहा. नकार खरा त्या दिवशी कळला.

वकील : मी 120 दिवसांपूर्वीची लिहीन आणि सोबत 30 दिवसांच्या विलंब माफीचा अर्ज जोडीन. तुमची तारीख घेतली आणि मालकानं फाटकाच्या रजिस्टरातून तो आधी येऊन गेल्याचं दाखवलं, तर त्याचा सगळा शब्द पडतो.

कार्यकर्ती : आणि तुमची तारीख घेतली तर मालकानं न दिलेल्या हुकमाला आपण आपल्याच हातानं मागची तारीख घालून देतो. जे त्यानं केलं नाही ते आपण त्याच्यासाठी करतो.

वकील : तेही खरं आहे. मग दोन्ही तारखा लिहू. पहिल्यांदा गेला ती, मधल्या प्रत्येक फेरीची आठवेल तेवढी, आणि शेवटची. विलंब माफीचा अर्ज 'लागत असेल तर' या शब्दांनी जोडू. न्यायाधीश कोणती धरतील ते मी आज सांगू शकत नाही.

कार्यकर्ती : मग आज काय सांगू त्याला?

वकील : आज रात्री एका कागदावर लिहायला सांगा : मी अमुक, अमुक हंगामांपासून तुमच्याकडे कामाला आहे, या हंगामात अमुक तारखांना आलो, मला काम द्या, देत नसाल तर लेखी कळवा. उद्या सकाळी स्पीड पोस्टानं पाठवायचं, पावती आणि एक नक्कल जपून ठेवायची. परवा दोघं अमरावतीला या. आणि जे हे वाचतील त्यांनाही सांगा, 90वा दिवस सुटीचा आला तर न्यायालय उघडल्याच्या पहिल्या दिवशी अर्ज दाखल होतो. त्यानंतरच्या दिवसासाठी मात्र कारण लिहून द्यावं लागतं.